खण आणि पाकीट

माघ सरत आला की हुबळीच्या हवेत कापूस उडायला लागतो. आता पूर्वीइतका उडत नाही. ट्रकवर ताडपत्री घट्ट बांधलेली असते, गाठी बंदिस्त असतात, आणि निम्म्या जिनिंग गिरण्यांच्या जागी लग्नाची कार्यालयं झाली आहेत. तरी परवा सकाळी चष्मा पुसायला घेतला तर काचेला एक तंतू चिकटलेला. फुंकर मारली, जाईना. बोटानं काढला तर बोटाला चिकटला. सत्तरीच्या माणसाला जुनं आठवायला तसं निमित्त लागत नाही. आमच्या घरात मला बोलतं करायला नव्हे, गप्प करायला कष्ट पडतात. पण त्या तंतूनं मी खरोखरच गप्प झालो. एक हंगाम असा आहे, ज्याची गोष्ट मी कुणालाच पुरी सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी पंचविशीचा होतो, हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडजवळच्या एका शाळेत मास्तर होतो आणि स्वतःच्या आवाजावर बेहद्द खूश होतो. त्या दिवसांत माघ-फाल्गुनात हुबळी पांढरी होत असे. नवलगुंद, अण्णिगेरीकडून बैलगाड्यांची रांग लागायची, ती पार बाजाराच्या तोंडापर्यंत. गाड्यांवर कापसाचे ढीग, ढिगावर फेटेवाला शेतकरी, आणि त्याच्याही वर ऊन. कापूस उडून सगळीकडे बसे. दुकानांच्या फळ्यांवर, बैलांच्या शिंगांवर, चहाच्या कपात, वरणात. शाळेतल्या मुली दुपारी घरी जायच्या तेव्हा केस पिकलेल्या दिसायच्या आणि एकमेकींना आजीबाई म्हणून चिडवायच्या. सरकी भरडल्याचा तेलकट, गोडसर वास दिवसभर नाकात असायचा. संध्याकाळी कुणीतरी शेतावरून जोंधळ्याची कोवळी कणसं भाजून आणे. आम्ही त्याला शीतनी म्हणतो, घाटावरचे लोक हुरडा म्हणतात. ती गरम गरम तोंडात टाकताना कापसाचा एखादा धागाही पोटात जात असे. माझ्या पोटात एव्हाना एक गादी भरेल एवढा कापूस असणार.

आणि दिवेलागणीला भोंगा बोलायचा.

हा भोंगा म्हणजे गावानं मिळून चालवलेला रेडिओ. घरोघरी रेडिओ असण्याचे ते दिवस नव्हते. नगरपालिकेनं थोडे पैसे घातले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि वाचनालयाच्या माडीवर एक सेट आणून बसवला. तिथून तारा ओढून चार ठिकाणी खांबांवर भोंगे लावले. एक बाजारात, एक स्टेशनाजवळ, एक तळ्याकाठी आणि एक वाचनालयासमोरच्या मैदानात. माडीवरच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना नवलगुंदचे जमखाने लटकावले होते. त्या सतरंज्यांवर मोर विणलेले होते, म्हणजे आम्ही मोरांच्या घोळक्यात बसून युद्धाच्या बातम्या वाचत असू. आधी सेटवर दिल्लीच्या बातम्या ऐकायच्या, भराभरा टिपून घ्यायच्या, आपापल्या भाषेत उतरवायच्या आणि बरोबर सात वाजता मायक्रोफोनपुढे बसायचं. सुरुवात कापसाच्या भावानं व्हायची, मग लढाई, मग पाऊसपाणी आणि गावातल्या सूचना. कानडीत मी वाचायचो. मराठीत वेणक्का.

वेणक्का रेल्वेतल्या एका हिशेबनिसाची बायको. केशवापूरला राहायची, मुलींच्या शाळेत धाकट्या वर्गांना शिकवायची. तिशी नुकतीच ओलांडलेली, अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम थांबवावं. गोड नव्हता तो आवाज. सरळ होता. वाईट बातमी आली म्हणून तो खाली जात नसे आणि चांगली आली म्हणून वर चढत नसे. मैदानात लढाईवर गेलेल्या पोरांच्या आया येऊन बसायच्या. त्यात निम्म्या कानडी. माझं वाचन चालू असताना त्या आपसांत बोलत, वेणक्काचं सुरू झालं की पदर सावरून भोंग्याच्या जवळ सरकत. मी एकदा एकीला विचारलं, "अव्वा, तुला मराठी कळतं का?" ती म्हणाली, "कळतंय थोडं. पण ही बाई घाबरवत नाही बघा."

वेणक्काची शाळेतली एक सवय मला ठाऊक होती, कारण तिच्या वर्गाची खिडकी आमच्या शाळेच्या वाटेवर होती. एखादी मुलगी उत्तर देताना अडली की बाकीच्या हात वर करून ओरडायच्या. वेणक्का त्यांना गप्प करायची. "उत्तर येतंय तिला. वेळ लागतोय, एवढंच. कुणी मध्ये बोलायचं नाही." आणि मग थांबायची. किती थांबायची ती. रस्त्यावरून जाणाऱ्या माझाच जीव कासावीस व्हायचा.

भोंग्याचा कारभार पाच जणांची कमिटी बघायची. अध्यक्ष एक नामांकित वकील होते, त्यांना सगळे वकीलसाहेबच म्हणत. दुसरे वजनदार गृहस्थ रुद्राप्पा, कापसाचे दलाल, वर्गणीत सर्वांत मोठा वाटा त्यांचा. सगळी भली माणसं. हे मी उपहासानं म्हणत नाही. कुणी एक पैसा खाल्ला नाही, कुणी आवाज चढवला नाही. महिनाअखेरच्या रविवारी सकाळी माडीवर त्यांची बैठक भरायची. हिरवं कापड घातलेलं मेज, पितळेचा पानाचा डबा, पाच खुर्च्या. बैठक संपता संपता चिटणीस माझ्या हातात एक पाकीट ठेवत. त्यात महिन्याचं मानधन.

वेणक्काला पाकीट नसे. तिची ओटी भरत.

बाईमाणसाच्या हातावर पैसे कसे ठेवायचे, हा त्या पाच जणांपुढचा खराखुरा प्रश्न होता. पहिल्याच महिन्यात त्यांनी तो आपल्या परीनं सोडवला. वकीलसाहेबांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या काकू, मुद्दाम येत. तबकात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. वेणक्का पाटावर बसे, काकू तिला कुंकू लावून ओटी भरत, आणि तेवढा वेळ पाचही जण खुर्च्यांवरून उठून उभे राहत. मी पाकीट घेताना कुणी उभं राहत नसे. आपण या बाईला मास्तरापेक्षा वरच्या जागी बसवलंय असं त्यांना मनापासून वाटायचं. मलाही वाटायचं. पहिले काही महिने तर मला तिचा थोडा हेवाच वाटला.

खण मात्र काय सुंदर असायचे. गुळेदगुड्डचे. लाल, जांभळे, मोरपंखी, अंजिरी, काठाला बारीक रुईफूल. घडी उलगडली की नव्या सुताचा कोरा वास यायचा. अजूनही बाजारात खणांच्या दुकानावरून जाताना मी पायांचा वेग थोडा कमी करतो. वर्षाभरात वेणक्काच्या ट्रंकेत बारा-तेरा खण जमले होते. एकदा पायऱ्या उतरताना ती हसत म्हणाली, "मास्तर, एवढ्या चोळ्या घालायच्या म्हणजे मला दोन-चार अंगं आणखी लागतील." मीही हसलो. त्या हसण्यात पुढं काही असेल हे मला सुचलं नाही.

तिची मुलगी शांता तेव्हा अकरा वर्षांची. प्राथमिक शाळा संपत आलेली. इंग्रजी शाळेत घालायची तर फी होती, पुस्तकं होती, आणि नवऱ्याच्या नि तिच्या तुटपुंज्या पगारांत ते बसत नव्हतं. नवरा वाईट नव्हता. एवढंच म्हणाला, "तुझ्या भोंग्यातून भर की पोरीची फी." तो थट्टेनं म्हणाला की खरोखर, ते मला माहीत नाही. वेणक्कानं ते खरं धरलं.

त्या फाल्गुनात माझा घसा बसला. कापसानंच. आधी खरखर, मग खोकला, आणि एका संध्याकाळी मायक्रोफोनपुढे तोंड उघडलं तर नुसती हवा. बारा दिवस मी मुका होतो. ते बारा दिवस वेणक्कानं आपलं मराठीही वाचलं आणि माझं कानडीही. बातम्या टिपायच्याही तिनंच, उतरवायच्याही तिनंच. मी गळ्याला मफलर गुंडाळून, तोंडात खडीसाखर धरून खाली मैदानात लोकांत बसायचो. शीतनी विकणाऱ्याची शेगडी धुमसत असायची, बैल रवंथ करत असायचे, आणि वरून माझ्या जागेवरून तिचा आवाज यायचा. कानडी ती माझ्यापेक्षा चांगलं वाचत होती. हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं. गावांची नावं ती अलगद उच्चारायची, भाव सांगताना शेतकऱ्याला बोटांवर मोजायला वेळ द्यायची. शेजारचा एक म्हातारा मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही सावकाश बरे व्हा. घाई नाही काही." बिचारा प्रेमानंच म्हणाला असेल. मला रात्री जेवण गेलं नाही.

महिनाअखेर आली. चिटणीस आधीच सांगून गेले की मास्तरांना पाकीट नेहमीप्रमाणे पूर्ण मिळेल, आजारपणात कापायचं नाही असं कमिटीनं ठरवलंय. आणि वेणक्कानं दुप्पट काम केलं, म्हणून या खेपेला तिला दोन खण.

वेणक्कानं त्याच आठवड्यात अर्ज दिला. चार ओळींचा. मी मास्तरांइतकंच काम करते, मला मास्तरांइतकंच मानधन मिळावं.

त्या रविवारची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. खिडक्या बंद करूनही मेजावरच्या हिरव्या कापडावर कापसाचे तंतू बसले होते. मेजाच्या एका कडेला तबक होतं, त्यात दोन खण, एक जांभळा आणि एक लाल. दुसऱ्या कडेला माझं पाकीट. काकू दाराबाहेरच्या बाकावर, बोलावण्याची वाट बघत. त्यांचा धाकटा मुलगा लष्करात डॉक्टर होता, त्यामुळे त्या रोज सातला मैदानात असायच्याच.

वकीलसाहेबांनी अर्ज वाचून दाखवला, चष्मा काढला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "वेणक्का, आम्ही तुमची ओटी भरतो. मास्तरांची भरतो का कधी?"

सगळे हसले. मीही हसलो.

"ओटीला माझी ना नाही, साहेब," वेणक्का म्हणाली. "पण शाळेत फी भरायला गेलं तर तिथं खण घेत नाहीत."

रुद्राप्पा म्हणाले, "यजमान आहेत की तुमचे कमवायला, अक्का. मास्तर गडीमाणूस. त्याला अजून संसार मांडायचाय."

"यजमान ऑफिसात बसतात. भोंग्यावर मी बसते."

रुद्राप्पांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. मग वकीलसाहेबांतला वकील जागा झाला. ते माझ्याकडे वळले. "आपण साक्षच काढू. मास्तर, तुम्ही दोघं रोज शेजारी बसता. सरळ सांगा, काम सारखंच आहे काय?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी भलतंच चाललं होतं. पैसे तेवढेच राहिले तर माझ्या पाकिटाचे दोन भाग होतील. आणि त्याहून खाली, जिथं माणूस स्वतःलाही दिवा दाखवत नाही, तिथं तो म्हातारा बसला होता. घाई नाही काही, म्हणत.

"काम... तसं थोडं वेगळं आहे, साहेब," मी म्हणालो. नुकत्याच बऱ्या झालेल्या घशातून शब्द छान स्वच्छ आले. "कानडी ऐकणारे जास्त. जबाबदारी जरा जास्त पडते."

वेणक्का माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. ती थांबली होती. पाढा चुकलेल्या मुलीपुढं थांबायची तशी, मी पुढं काही बोलेन म्हणून. मी मेजावरचे कापसाचे तंतू निपटायला लागलो.

कमिटीनं ठराव केला. वेणक्काच्या कामाची कदर म्हणून पुढच्या महिन्यापासून सुती खणाऐवजी रेशमी खण. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर न्याय झाल्याचं समाधान होतं. त्यांनी काकूंना हाक मारली.

काकू आल्या. पाट मांडला, वेणक्का बसली, पाच जण उभे राहिले. काकूंनी कुंकू लावलं. पदरात तांदूळ घातले, हळकुंड घातलं, नारळ ठेवला, जांभळा खण ठेवला. मग उठून दोन पावलं मेजाकडे गेल्या, माझं पाकीट उचललं आणि खणावर ठेवून दिलं. इतक्या सहज, की ते तबकातलंच होतं असं वाटावं.

"अगं, ते मास्तरांचं," वकीलसाहेब म्हणाले.

"होय? ओटीत पडलं की आता," काकू म्हणाल्या. "ओटीतलं परत काढत नाहीत." सवाशिणीच्या ओटीत हात घालायची त्या पाच जणांत कुणाची छाती होती? मग काकूंनी तबकात राहिलेला लाल खण घेतला आणि तो माझ्यापुढं धरला. "मास्तर, हा तुम्हाला. मान म्हणून घ्या. बसून राहू नका, खण देताना आम्ही सगळे उभे आहोत."

मी उभा राहिलो आणि तो खण घेतला.

खाली उतरताना पायरीवर वेणक्कानं मला गाठलं. पाकीट उघडून तिनं बारा दिवसांचे पैसे बाजूला ठेवले आणि बाकीचे मोजून माझ्यापुढं केले. "तुम्ही वाचलंत त्या दिवसांचं तुमचं. त्यावर माझा हक्क नाही." मी खण तिच्याकडे करून म्हणालो, "मग हा तरी घ्या." ती म्हणाली, "असू द्या. तो तुम्हाला मिळालाय." आणि पुन्हा तशीच थांबली, एक पायरी खाली, माझ्याकडे मान वर करून. मी पैसे घेतले.

रेशमी खणाचा ठराव पुन्हा कुणी काढला नाही; पुढच्या महिन्यापासून मेजावर दोन पाकिटं असायला लागली, सारखीच. माझ्यातून एक आणाही कमी झाला नाही. शिल्लक आधीपासूनच होती, कमिटीला ती तशी दिसली नव्हती इतकंच. ज्या भीतीपोटी मी शब्द फिरवला ती भीतीच खोटी निघाली. याचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं. शांता जूनमध्ये इंग्रजी शाळेत गेली. नव्या दप्तराचा पट्टा तिला मोठा होत होता, तिनं त्याला गाठ मारली होती.

त्यानंतर दोन हंगाम आम्ही शेजारी बसून वाचलं. हसलो, बोललो, एकाच द्रोणातलं गिरमिट खाल्लं. ते तिखट चुरमुरे खाऊन वाचायला बसायचं नाही असा आमचा नियम होता आणि तो आम्ही रोज मोडायचो. तिनं तो विषय कधी काढला नाही. मला मात्र रोज सातला, मायक्रोफोनशेजारचा दिवा लागायच्या आधीच्या त्या एका मिनिटात, वाटायचं की आता सांगावं. मग दिवा लागायचा. लढाई संपली, भोंगे उतरले, जमखाने ज्यांचे त्यांच्या घरी गेले. तळ्याकाठच्या भोंग्यात साळुंक्यांनी घर केलं होतं, म्हणून तो एक पावसाळाभर तसाच ठेवला. वेणक्का जाऊन आता सहा वर्षं झाली. तेराव्याला मी गेलो होतो. जेवून आलो.

तर परवा तो तंतू बोटाला चिकटलेला, आणि दुपारी नात कॉलेजच्या कार्यक्रमासाठी माझी जुनी ट्रंक उपसून बसलेली. तिला खणाचा ब्लाऊज शिवायचाय. तळातून लाल घडी काढून म्हणाली, "अज्जा, हा कुणाचा? कधी शिवलाच नाही?" मी तिला भोंग्याची गोष्ट सांगितली. मोर सांगितले, काकू सांगितल्या, पायरीपर्यंत सगळं सांगितलं. साक्षीचं तेवढं गाळलं. पण पोर हुशार. म्हणाली, "मग त्यांनी तुम्हाला विचारलं नाही? तुम्ही तर शेजारीच बसायचात." मी म्हणालो, "घडी नीट घाल. मोडेल." आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी बस पकडून केशवापूरला गेलो. शांता आता पंचावन्नची आहे, एका हायस्कुलात मुख्याध्यापिका. दार तिनंच उघडलं. आईचंच कपाळ, आईचीच उभी राहायची तऱ्हा. मी आत जाऊन बसलो, पाणी प्यालो, हवेची चौकशी केली, कापूस यंदा कमी आहे म्हणालो. ती हो हो म्हणत राहिली. शेवटी मी पिशवीतून खण काढून तिच्यापुढं ठेवला.

"शांता, काम सारखंच होतं," मी म्हणालो. "तुझ्या आईचं थोडं जास्तच होतं. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

तिनं खण उचलला नाही लगेच. त्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अण्णा, तुमचं नाव निघालं की आई एकच सांगायची."

"काय?"

"मास्तरांना उत्तर येतंय. वेळ लागतोय, एवढंच. कुणी मध्ये बोलायचं नाही."